साखर तीच, सांधा वेगळा

बेकरीवाल्याकडून ओल्या यीस्टची वडी आणायची, बोटांनी चुरून वाटीत घ्यायची आणि वर चमचाभर मीठ टाकून ढवळायचं. पाच-दहा मिनिटांत त्या भुरभुरीत चुऱ्याचं पातळ, ओघळणारं पिठलं होतं. वरून पाण्याचा थेंबही घातलेला नसतो. पाणी येतं ते पेशींच्या पोटातून; मीठ ते ओढून बाहेर काढतं. पहिल्यांदा बघणारा म्हणतो, यीस्ट विरघळलं. मीही तेच म्हणालो होतो. पण त्यातला थेंब काचपट्टीवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली धरला, तर पेशी जिथल्या तिथे असतात. लंबगोल आकार शाबूत, फक्त अंगानं आक्रसलेल्या. विरघळलेलं काहीच नसतं.

पेशीबरोबर तिच्या भोवतीची भिंतही आक्रसते आणि पाणी परत मिळालं की तीही फुगते. हाच लगदा पन्नास अंशांच्या आसपास दिवसभर ठेवला, तर पेशीतले विकर तिचाच आतला माल पचवून टाकतात. तो गाळून घेतला की यीस्टचा अर्क तयार होतो. सूपच्या पुड्यांत आणि चिप्सच्या मसाल्यात जातो तो हाच. गाळणीवर उरतात ती रिकामी टरफलं. उकळा, मीठ घाला, सौम्य आम्लात टाका, टरफल टिकून राहतं. ते कशाचं बनलं आहे आणि त्यातले धागे एकमेकांत कसे अडकवले आहेत, या प्रश्नावर सव्वाशे वर्षांहून अधिक काळ काम चाललं आहे. त्याचा आढावा घ्यायचा तर मला सुरुवात प्रयोगशाळेपेक्षा वसमतच्या शेतात करणं सोपं वाटतं.

हिंगोली जिल्हा १ मे १९९९ रोजी परभणीतून वेगळा झाला. त्याच्या पाच तालुक्यांपैकी वसमतची ओळख हळदीची, पण शिवारात नुसती हळद नसते. एका बांधाला ज्वारी, पलीकडे कापूस, खाली पाण्याकडेला पूर्णा कारखान्याला जाणारा ऊस. रसायनाच्या नजरेनं पाहिलं तर ज्वारीचं पीठ आणि सरकीवरचा कापूस ही एकाच विटेची दोन बांधकामं आहेत. वीट म्हणजे ग्लुकोज. ज्वारीचा दाणा म्हणजे मुख्यतः स्टार्च आणि कापसाचा धागा म्हणजे जवळजवळ शुद्ध सेल्युलोज. दोन्हींत एका ग्लुकोजचा पहिला कार्बन पुढच्या ग्लुकोजच्या चौथ्या कार्बनला जोडलेला. फरक इतकाच, की पहिल्या कार्बनवरचा सांधा एकात खालच्या अंगाला वळलेला असतो आणि दुसऱ्यात वरच्या. खालच्याला अल्फा म्हणतात, वरच्याला बीटा. या एवढ्याशा वळणामुळे भाकरी पोटात पचते आणि धोतर पचत नाही.

आता त्याच कापसाच्या बोंडात शिरलेली गुलाबी बोंडअळी घ्या. तिची कातडी कायटिनची. तिथे वीट किंचित बदललेली आहे. ग्लुकोजच्या दुसऱ्या कार्बनवर नायट्रोजन असलेला एक गट चिकटलेला आहे. पण सांधा सेल्युलोजचाच, बीटा-१,४. यीस्टच्या भिंतीत या दोन्ही कल्पना आहेत, शिवाय तिची स्वतःची एक खोड आहे. तिथे ग्लुकोजचा पहिला कार्बन पुढच्या ग्लुकोजच्या चौथ्याला न जोडता तिसऱ्याला जोडतो. बीटा-१,३. सेल्युलोजची साखळी फितीसारखी सरळ बसते आणि शेजारच्या फितीला घट्ट चिकटते. बीटा-१,३ची साखळी मळसूत्रासारखी वळत जाते. मिठाच्या लगद्यात पेशी आक्रसून पुन्हा फुगते, त्यात या वळणाचा मोठा वाटा आहे.

पाव फुगवणाऱ्या आणि मळीपासून दारू करणाऱ्या सॅकरोमायसिस सेरेव्हिसी या यीस्टची भिंत १०० ते २०० नॅनोमीटर जाड असते, म्हणजे वहीच्या कागदाच्या पाचशेव्या हिश्श्याच्या आसपास. तरीही पेशीच्या कोरड्या वजनातला १५ ते ३० टक्के भाग तिचा. त्यात निम्म्याहून थोडं जास्त बीटा-१,३-ग्लुकॅन, पाच ते दहा टक्के बीटा-१,६-ग्लुकॅन, एक-दोन टक्के कायटिन आणि उरलेली मॅनोप्रथिनं, म्हणजे मॅनोज साखरेच्या झुडपांनी लगडलेली प्रथिनं. आज हा हिशेब पदवीच्या पुस्तकात चार ओळींत येतो. तो जुळवायला इतका वेळ का लागला, ही मला या विषयातली सर्वांत मोलाची गोष्ट वाटते.

कारण असं, की भिंत मोडल्याशिवाय तिचे घटक कळत नाहीत आणि मोडायला जे हत्यार घ्यावं तेच उत्तर ठरवतं. १८९४ मध्ये एर्न्स्ट साल्कोव्स्की यांनी यीस्टवर अल्कलीचा प्रयोग केला. विरघळून आला त्या चिकट पदार्थाला यीस्टचा डिंक म्हटलं आणि न विरघळता उरला त्याला यीस्टचं सेल्युलोज. डिंक म्हणजे आजचं मॅनॅन. पण दुसरं नाव साफ चुकीचं होतं, तो पदार्थ सेल्युलोज नव्हताच. ग्लुकोजचा आहे आणि विरघळत नाही, एवढ्यावर नाव पडलं. वीट ओळखली, सांधा पाहिलाच नाही.

सांधा पाहण्याची युक्ती पुढे आली ती सुंदर आहे, म्हणून इथे थोडं थांबतो. दगडाची बांधून झालेली भिंत समजा. तिला सगळीकडून चुना मारा, कोपरा न् फट सोडू नका. मग भिंत उतरवा आणि एकेक दगड हातात घेऊन पाहा. ज्या अंगावर चुना लागलेला नाही, त्या अंगानं तो दगड दुसऱ्याला टेकलेला होता. रसायनशास्त्रात चुन्याच्या जागी मेथिल गट वापरतात. ग्लुकोजच्या मोकळ्या हायड्रॉक्सिल टोकांवर मेथिल गट बसवायचे, मग आम्लानं साखळी तोडायची आणि सुट्या झालेल्या प्रत्येक ग्लुकोजवर कोणत्या क्रमांकाची जागा कोरी राहिली ते तपासायचं. १९३४ मध्ये लास्लो झेक्मायस्टर आणि गेझा टोथ यांनी यीस्टच्या त्या तथाकथित सेल्युलोजवर हाच प्रयोग केला. त्यांना दोन, चार आणि सहा या जागांवर चुना लागलेलं ग्लुकोज मिळालं. तिसरी जागा कोरी. सेल्युलोज असतं तर चौथी कोरी राहिली असती. चाळीस वर्षांचा गैरसमज एका कोऱ्या जागेनं मिटला.

मॅनॅनच्या बाजूनं बर्मिंगहॅमचे नॉर्मन हॉवर्थ आणि त्यांचे सहकारी लागले होते. जीवनसत्त्व ‘क’ आणि शर्करांवरच्या कामासाठी हॉवर्थना नोबेल मिळालं ते १९३७ सालचं आणि यीस्ट मॅनॅनवरचा त्यांचा निबंधही त्याच साली आला. मॅनॅन फांद्यांचं आहे हे त्यातून कळलं. पण कणा कोणता आणि फांदी कोणती, हे चुन्याच्या युक्तीनं पक्कं सांगता येत नाही. कोणत्या अंगानं दगड टेकला होता ते समजतं; कोणता दगड कोणावर होता ते समजत नाही.

ते कोडं सोडवायला बर्कलीत क्लिंटन बॅलू यांनी वेगळं हत्यार घेतलं. असिटिक अनहायड्राइड आणि थोडं सल्फ्युरिक आम्ल असं मिश्रण अल्फा-१,६ सांधे चटकन तोडतं आणि अल्फा-१,२ व अल्फा-१,३ सांध्यांना बराच वेळ हात लावत नाही. त्यामुळे मॅनॅनचा कणा तुकडे होऊन पडतो आणि फांद्या अखंड हातात येतात. एक, दोन, तीन, चार मॅनोजच्या फांद्या. कणा अल्फा-१,६चा, फांद्या अल्फा-१,२च्या आणि टोकाशी अल्फा-१,३, अधूनमधून फॉस्फेट. फॉस्फेटमुळे पेशीच्या पृष्ठभागावर ऋण विद्युतभार येतो आणि ॲल्शियन ब्लू नावाचा निळा रंग तिला धरतो. बॅलूंच्या गटानं १९७०च्या दशकात फांद्या नीट न घालणारी उत्परिवर्तित यीस्ट निवडून काढली आणि कोणतं जनुक कोणता सांधा घालतं, याचा माग सुरू झाला. माझ्या मते या विषयाला रसायनातून जीवशास्त्रात आणणारं खरं वळण ते आहे. नुसतं मोडून पाहण्याऐवजी चुकीचं बांधणारा गवंडी शोधायचा.

ग्लुकॅनचा वाद मात्र तोवर मिटलेला नव्हता. १९५८ मध्ये स्टॅन्ली पीट आणि सहकाऱ्यांना यीस्ट ग्लुकॅनच्या तुकड्यांत बीटा-१,३ बरोबर बीटा-१,६ सांधेही सापडले. मग दोन्ही एकाच साखळीत आहेत की दोन वेगळे पदार्थ एकत्र निघाले आहेत? दहा-पंधरा वर्षं यावर निबंधांमागून निबंध आले. १९६९ मध्ये बेकन आणि सहकाऱ्यांनी दोन वेगळी ग्लुकॅन असल्याचं दाखवलं. १९७३ मध्ये एडिंबराच्या डेव्हिड मॅनर्स यांच्या गटानं पुन्हा पुन्हा आम्लानं धुऊन ती वेगळी केली आणि हिशेब मांडला. मोठा हिस्सा बीटा-१,३चा, साधारण १५०० ग्लुकोजची साखळी, तीन टक्क्यांच्या आसपास सांधे फांदीचे. छोटा हिस्सा बीटा-१,६चा, सुमारे १४० ग्लुकोजचा, फांद्यांनी गजबजलेला. हे आकडे आजही वापरात आहेत. छोट्या हिश्श्याकडे तेव्हा कुणी फार लक्ष दिलं नाही. कचरा समजून तो धुऊन टाकणारेही होते.

मधल्या काळात एक साधी पण निर्णायक गोष्ट झाली होती. १९५२ मध्ये नॉर्थकोट आणि हॉर्न यांनी पेशी बारीक काचमण्यांबरोबर हलवून फोडल्या, आतला माल धुतला आणि नुसती भिंत इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली. म्हणजे अल्कलीनं निवडून दिलेला तुकडा न घेता सगळी भिंत एका जागी. पाच वर्षांनी, १९५७ मध्ये, एडी आणि विल्यमसन यांनी उलटं केलं. भिंत काढून टाकली आणि पेशी उघडी ठेवली. त्यासाठी त्यांनी वापरला गोगलगायीच्या पोटातला पाचक रस.

मराठवाड्यातल्या वाचकाला गोगलगाय समजावून सांगायला नको. २०२२च्या खरिपात लातूर, बीड, धाराशिवकडे शंखी गोगलगायींनी सोयाबीनची उगवण रातोरात फस्त केली, ती आठवण ताजी आहे. प्रयोगशाळेतली गोगलगाय वेगळ्या जातीची, युरोपातली. पण धंदा तोच. पाला, बुरशी, कुजका काडीकचरा असं समोर येईल ते पचवायचं, म्हणून पोटात तऱ्हेतऱ्हेचे सांधे तोडणारे विकर बाळगायचे. अल्कली घणासारखी चालते, विकर किल्लीसारखा. बीटा-१,३ तोडणारा विकर बीटा-१,६ला हात लावत नाही, कायटिनचा विकर ग्लुकॅनकडे बघत नाही. पुढे जिवाणूंपासून अशा किल्ल्या शुद्ध रूपात मिळू लागल्या. तेव्हा कुठे भिंतीतले घटक आपसात कसे अडकवलेत हा प्रश्न विचारणं शक्य झालं.

त्याचं उत्तर देणारा माणूस एन्रिको काबिब. इटलीत जन्मलेले काबिब अर्जेंटिनात लुईस लेलुआ यांच्याबरोबर काम करत होते. पेशी साखर नुसती जोडत नाही, आधी तिला युरिडिन डायफॉस्फेटची मूठ लावून सज्ज करते, हे लेलुआंच्या प्रयोगशाळेनं दाखवलं. त्यासाठी लेलुआंना १९७०चं नोबेल मिळालं. यीस्ट ग्लुकॅन बांधतं ते मूठ लावलेल्या ग्लुकोजपासून आणि कायटिन बांधतं ते मूठ लावलेल्या असिटिल ग्लुकोसमीनपासून, म्हणजे नायट्रोजनवाल्या त्या बदललेल्या विटेपासून. काबिब पुढे अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत गेले आणि आयुष्यभर त्या एक-दोन टक्के कायटिनच्या मागे राहिले.

एक-दोन टक्के, पण जागा मोक्याची. यीस्टला कोंब फुटतो, वाढतो, तुटून वेगळा होतो आणि आईच्या अंगावर गोल वण ठेवून जातो. कायटिन मुख्यतः त्या वणात असतं. त्या जागी पुन्हा कोंब फुटत नाही, म्हणून वण मोजून पेशीनं किती पोरं काढली ते सांगता येतं. हे वण बघायला कॅल्कोफ्लुअर व्हाइट नावाचा रंग वापरतात. मूळचा कापड आणि कागदाला सफेदी देणारा पदार्थ. आपल्याकडे एका पिढीनं पांढऱ्या शर्टासाठी बादलीत टिनोपाल टाकलं, ते याच कुळातलं. कापसाच्या बीटा सांध्यांना चिकटतं तसं ते कायटिनच्या बीटा सांध्यांना चिकटतं आणि अतिनील दिव्याखाली यीस्टच्या अंगावर निळसर कड्या चमकू लागतात. म्हाताऱ्या पेशीवर त्यांची गर्दी असते.

१९९५ मध्ये कोल्लार, काबिब आणि सहकाऱ्यांनी कायटिन आणि बीटा-१,३-ग्लुकॅन यांच्यात प्रत्यक्ष रासायनिक सांधा असल्याचं सिद्ध केलं. १९९७ मध्ये त्यांनी पुढचं दाखवलं. एकेक किल्ली लावून भिंतीचे असे तुकडे काढले, ज्यांत दोन वेगळ्या घटकांची टोकं अजून एकमेकांना धरून होती. मध्यभागी सापडलं बीटा-१,६-ग्लुकॅन. मॅनोप्रथिन त्याला बांधलेलं, ते बीटा-१,३ला बांधलेलं आणि कायटिनही त्यालाच येऊन मिळालेलं. ज्याला मॅनर्सच्या काळात किरकोळ हिस्सा म्हणून बाजूला काढलं होतं, ती सगळ्या बांधकामाची खुंटी निघाली. अल्कली आणि आम्लानं शंभर वर्षं नेमके हेच सांधे तोडले जात होते, मग ते दिसणार कसे? २००५ मध्ये काबिब आणि आन्हेल दुरान यांनी आणखी बारकावा दाखवला. कोंबाच्या मानेपाशी असलेलं कायटिन प्रामुख्यानं बीटा-१,३ला जोडलेलं असतं आणि बाजूच्या भिंतीतलं बीटा-१,६ला. तोच माल, जागा बदलली की सांधा बदलला.

इथवरची सगळी कथा एकाच यीस्टची आहे आणि सगळी यीस्ट सारखी नसतात. सायझोसॅकरोमायसिस पोंबे हे पूर्व आफ्रिकेतल्या भरडधान्याच्या दारूतून १८९३ मध्ये वेगळं केलेलं यीस्ट. पोंबे हे तिथल्या दारूचंच नाव. त्याची पेशी कोंब न काढता मधोमध दुभंगते. वाढत्या पेशीच्या भिंतीत कायटिन जवळजवळ नाही. त्याऐवजी अल्फा-१,३-ग्लुकॅन आहे आणि मॅनॅनच्या जागी गॅलॅक्टोज मिसळलेलं गॅलॅक्टोमॅनॅन. आपल्या भागातली शिंदी, निजामाच्या अबकारीचा आधार आणि म्हणूनच १९४७च्या निजामविरोधी लढ्यात कुऱ्हाडीखाली गेलेली, तिच्या रसातही यीस्टचा पसारा असतो. त्या यीस्टवर कुणी काम केलं तर ते बहुधा दारूच्या टक्केवारीसाठी. भिंतीकडे बघायची आपल्याकडे सवय नाही.

अपवाद पुण्याचा. राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत मुकुंद देशपांडे आणि सहकाऱ्यांनी बेंजामिनिएला पॉइट्रासी नावाची बुरशी अभ्यासाला घेतली. ही दुहेरी चालीची. एका परिस्थितीत यीस्टसारखी गोल राहते, दुसरीत धाग्यांसारखी लांबते. गोल रूपातून लांब रूपात जायचं तर भिंत नव्यानं बांधावी लागते, म्हणजे भिंतीचं रसायन आणि पेशीचा आकार यांचा संबंध तपासायला आयतं साधन. अंजली खळे आणि देशपांडे यांनी १९९२ मध्ये मूळ बुरशीच्या आणि कायम यीस्टरूपातच राहणाऱ्या दोन उत्परिवर्तित वाणांच्या भिंतींचं रसायन तुलनेनं मांडलं. मुंबईजवळच्या, तेलानं खराब झालेल्या समुद्राच्या पाण्यातून मिळालेल्या यारोविया लिपोलिटिका या यीस्टच्या अशाच रूपबदलावर पुण्यातच स्मिता झिंजर्डे आणि सहकाऱ्यांचा निबंध १९९८ मध्ये आला. ही कामं विद्यापीठांच्या बाहेर फारशी कुणाला माहीत नाहीत आणि याचं मला वाईट वाटतं. कारण बेंजामिनिएला ज्या गणातली आहे त्या म्युकोरेल्स गणानं २०२१ मध्ये महाराष्ट्राची झोप उडवली.

कोविडच्या दुसऱ्या लाटेत काळी बुरशी म्हणून जी आली ती म्युकरमायकोसिस. अँफोटेरिसिनच्या कुपीसाठी नातेवाईक जिल्ह्याजिल्ह्यांत फिरत होते. त्या वेळी बऱ्याच जणांनी विचारलं, बुरशीवर दुसरी नवी औषधं आहेत ना, ती का चालत नाहीत? उत्तर भिंतीत आहे. इकायनोकँडिन गटाची औषधं बीटा-१,३-ग्लुकॅन बांधणाऱ्या विकराला अडवतात. त्यातलं पहिलं, कॅस्पोफंजिन, अमेरिकेत जानेवारी २००१ मध्ये मंजूर झालं. माणसाच्या पेशीला भिंतच नाही, त्यामुळे औषध रोग्याला फारसा त्रास न देता कँडिडासारख्या यीस्टची भिंत मोडतं. पण म्युकोरेल्सच्या भिंतीचा भर बीटा-१,३-ग्लुकॅनवर नाही. तिथे कायटिन आणि त्याच्यावरचा असिटिल गट काढून तयार झालेलं कायटोसॅन यांचं राज्य आहे. म्हणून ते औषध तिथे एकट्यानं पुरत नाही आणि रक्तातलं बीटा-ग्लुकॅन मोजणारी चाचणीही काळ्या बुरशीत बहुधा कोरी येते. अँफोटेरिसिन भिंतीला विचारतच नाही. ते आतल्या पापुद्र्यातल्या अर्गोस्टेरॉलवर जातं. पिंपरीच्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्समध्ये शोधलेलं हॅमायसिन त्याच घराण्यातलं.

यीस्टही गप्प बसत नाही. ग्लुकॅन कमी पडलं की ते कायटिन काही पटींनी वाढवून भिंत सावरतं. ग्लुकॅन बांधणाऱ्या विकराचं, एफकेएस-१चं जनुक १९९४ मध्ये ओळखलं गेलं आणि त्याची त्रिमिती रचना थेट २०२३ मध्ये हाती आली. औषध आधी, रचना वीस वर्षांनी.

भिंतीचे तुकडे औषध म्हणून विकण्याचा धंदाही जोरात आहे. यीस्टची भिंत शरीरातल्या रक्षक पेशींना जागं करते हे खरं. लुइस पिलेमर यांनी १९५४ मध्ये यीस्टच्या भिंतीपासून केलेल्या झायमोसान या पदार्थावर प्रतिकारशक्तीची एक नवी वाट दाखवली, तेव्हा समकालीनांनी त्यांना खोटं ठरवलं. पुढे ते बरोबर निघाले, पण ते पाहायला पिलेमर राहिले नव्हते. बीटा-ग्लुकॅन ओळखणारा डेक्टिन-१ हा ग्राहक २००१ मध्ये गॉर्डन ब्राउन आणि सायमन गॉर्डन यांना सापडला. इथपर्यंत विज्ञान. दुकानातल्या डबीवर नुसतं ‘बीटा ग्लुकॅन’ लिहिलेलं असतं तिथे माझी हरकत सुरू होते. ओट आणि जवाचं बीटा-ग्लुकॅन बीटा-१,३ आणि १,४ सांध्यांचं असतं, पाण्यात चिकट होतं आणि रोज तीन ग्रॅम पोटात गेलं तर कोलेस्टेरॉल उतरायला मदत होते. यीस्टचं बीटा-१,३ आणि १,६चं, पाण्यात न विरघळणारं. एकाचा पुरावा दुसऱ्याच्या डबीवर चिकटवणं ही सरळ फसवणूक आहे. कुक्कुटपालनात ‘टॉक्सिन बाइंडर’ म्हणून मक्याच्या खाद्यात जी भुकटी मिसळतात, तिच्यातही अनेकदा यीस्टची भिंतच असते. तिथेही कोणता घटक कोणत्या विषाला धरतो हे पाकिटावर लिहिण्याची तसदी थोडेच घेतात.

आता पुन्हा वसमतला. जीआय मिळालेल्या इथल्या हळदीचं सर्वांत मोठं दुखणं म्हणजे कंदकूज. पावसाळ्यात पाणी साचलं की पानं कडेनं वाळायला लागतात, खोडाचा बुंधा मऊ पडतो आणि ओढलं की झाड हातात येतं, कंदाला घाण वास. हे काम बहुतेक पिथियमचं. शेतकरी त्याला बुरशी म्हणतो, कृषी सहायकही म्हणतो, पण पिथियम खऱ्या बुरशींच्या कुळातलं नाही. त्याची भिंत सेल्युलोज आणि बीटा-१,३, बीटा-१,६-ग्लुकॅनची, कायटिन नावापुरतं. म्हणजे अर्धी कापसाची, अर्धी यीस्टची. शेणखतात मुरवून आपण जी ट्रायकोडर्मा देतो, ती एक खरी बुरशी आहे आणि ती पिथियमवर चढते ती ग्लुकॅन आणि सेल्युलोज तोडणारे विकर सोडून. गोगलगायीच्या पोटातल्या किल्ल्या, पण मातीत. नुसतं कायटिन तोडण्यात पटाईत असलेलं वाण कंदकुजीवर कामाचं नाही. ते दुसऱ्या रोगांवर चालेल. पाकिटावर वाणाचं नाव आणि दर ग्रॅमला किती बीजाणू एवढं छापलेलं असतं. कोणत्या किल्ल्या आहेत ते नसतं, आणि हळदवाल्यानं विचारायला हवं ते नेमकं तेच.

नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ विद्यापीठाखाली हिंगोली, वसमत, कळमनुरीत विज्ञान महाविद्यालयं आहेत. एमएस्सीच्या प्रकल्पाला विषय शोधणाऱ्या मुलामुलींना माझं सांगणं आहे: शिंदीच्या रसातलं किंवा हळदीच्या वाफ्यातलं एखादं यीस्ट वेगळं करा, पण दारूच्या टक्केवारीवर थांबू नका. काचमण्यांनी फोडा, भिंत धुऊन घ्या, अल्कलीत किती विरघळतं आणि किती उरतं ते तोला, उरलेल्यावर फिनॉल-सल्फ्युरिकनं साखर मोजा. त्यासाठी लागणारं सगळं सामान रसायन विभागाच्या कपाटात आधीच आहे.